फोर बाय फाइव्हचा लँडस्केप दाखवायचा कसा आणि त्यावर बोलायचं कसं

फोर बाय फाइव्ह म्हणजे चार बाय पाच इंचाची ब्लॅक अँड व्हाइट शीट फिल्म, एका फोटोला एक शीट. ती धुऊन वाळलीये असं धरून चालतो. स्कॅन १६ बिटमध्ये करा, ऑटो लेव्हल आणि शार्पनिंग बंद ठेवा, धूळ साफ करा, झालं.

आता खरं काम. आपल्या नाशकाकडचे फोटो म्हणजे काळा कातळ आणि पावसाळ्यात त्याच्यावर पांढरं धुकं, अंजनेरी घ्या, ब्रह्मगिरी घ्या नाहीतर हरिहर, आणि त्यावर ठरलेला शेरा येतो, 'सावलीत डिटेल नाही, एक्स्पोजर वाढव'. नुसता स्कॅन बघून असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण सावली निगेटिव्हमध्येच रिकामी आहे की स्कॅन करताना काळी झाली हे त्यांना कुठून कळणार? मलाही हाच फरक ओळखायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि उपाय काय तर स्कॅनमध्ये फिल्मची कड कापू नका.

शीटची कड फिल्म होल्डरच्या पट्टीखाली झाकलेली असते, तिला उजेड लागलेलाच नसतो, निगेटिव्हवर ती पारदर्शक राहते, म्हणजे पॉझिटिव्ह केल्यावर सगळ्यात गडद काळा तोच. स्कॅनमध्ये ही कड पूर्ण शून्यावर नेऊ नका, किंचित राखाडी राहू द्या. मग कातळाची सावली तिच्याशी ताडून बघा. दोन्ही सारखंच दिसलं तर तिथे फिल्मवर काही नाहीच, कॉम्प्युटरवर कितीही ओढा, येणार नाही. सावली जरा उजळ दिसली तर डिटेल आहे, ते स्कॅनमध्ये किंवा प्रिंटमध्ये हरवतंय, एक्स्पोजरला दोष देऊ नका.

खरंच रिकामी असेल तर मीटर कुठे धरला होता ते विचारा. स्पॉट मीटर, म्हणजे एका छोट्या जागेचाच उजेड मोजणारा मीटर, कातळाला मधला राखाडी समजतो. झोन म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे टप्पे, मधला राखाडी पाचवा. मीटरने एफ २२ ॲपर्चरला अर्धा सेकंद सांगितला आणि कातळ तिसऱ्या झोनमध्ये, म्हणजे डिटेल असलेल्या गडद टोनमध्ये हवा असेल तर दोन स्टॉप कमी करून (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) १/८ सेकंद द्यायचा. पूर्ण फ्रेमचं सरासरी रीडिंग घेतलं आणि त्यात धुकं आलं की कातळ गेलाच म्हणून समजा.

धुकं पांढरंफटक पडलं असेल तर ती भानगड वेगळी आणि बहुतेक वेळा डेव्हलपिंगची. चांगल्या उजेडात निगेटिव्ह छापील वर्तमानपत्रावर ठेवा, सगळ्यात दाट भागातून, म्हणजे इथे धुक्यातून, अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. अजिबातच दिसत नसतील तर पुढच्या वेळी डेव्हलपिंगचा वेळ कमी करा, एक्स्पोजर नाही, एक्स्पोजर कमी केलंत तर आधी सावली जाईल. आणि ओला बसाल्ट काळाच दिसतो हो, सगळ्या सावल्या उघडून दाखवल्याच पाहिजेत असा काही नियम नाही.

शार्पनेसवर मोबाइलच्या स्क्रीनवरून बोलू नका. कोपऱ्याचा १०० टक्के क्रॉप मागा. कातळ खणखणीत आणि गवतच हललेलं असेल तर वारा होता, शार्पनेस फ्रेममधून तिरका जात असेल तर टिल्ट, म्हणजे लेन्स पुढेमागे झुकवणं, चुकलाय, आणि सगळंच सारखं हललं असेल तर ट्रायपॉड बघा.

फोटोखाली फिल्म, ती कुठल्या आयएसओला वापरली, लेन्स, फिल्टर, डेव्हलपर आणि कुठली सावली कुठल्या झोनमध्ये ठेवली एवढं लिहा, गड किती दमवतो ते राहू द्या. आणि एकच प्रश्न विचारा. 'कसा वाटला' हा प्रश्नच नाही, त्याला 'मस्त' एवढंच उत्तर येणार. 'धुक्याचा वरचा भाग कागदासारखा कोरा वाटतो का' असं विचारलं की समोरचा नीट बघतो.

बोलणाऱ्याने आधी नजर कुठून शिरते आणि कुठे अडकते ते सांगावं, मग टोन, सगळ्यात शेवटी टेक्निक. प्रत्यक्ष भेट होणार असेल तर प्रिंटबरोबर निगेटिव्हसुद्धा आणा. सुधारून दुसरी प्रिंट काढलीत तर पहिली शेजारी ठेवूनच दाखवा, आणि दोन्हींच्या मागे पेन्सिलने प्रिंटच्या पेपरचा ग्रेड (कॉन्ट्रास्ट किती ते) आणि किती सेकंद दिले ते लिहून आणा.