कॉलेज, सबमिशन, परीक्षा: तिन्ही सांभाळून शरीर हलतं कसं ठेवायचं

विद्यार्थ्यांचा व्यायाम सुटतो तेव्हा दोष आळसाला दिला जातो. खरं कारण बहुतेकदा वेळापत्रकात असतं. सत्राच्या सुरुवातीला "रोज सकाळी सहाला एक तास" असं ठरतं आणि ते जमतंही. मग जर्नल पूर्ण करायची वेळ येते, प्रॅक्टिकल लागतात, रात्री दोनपर्यंत जागरण होतं आणि सहाचा गजर बंद होतो. एकच वेळ आणि एकच प्रकार ठरवलेला असल्यामुळे तो मोडला की सगळंच थांबतं. म्हणून सुरुवातीलाच तीन आराखडे हवेत: नेहमीच्या आठवड्याचा, सबमिशनच्या आठवड्याचा आणि परीक्षेचा. ते कसे बसवायचे ते पुढे सविस्तर दिलं आहे.

किती हालचाल पुरते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराची हालचाल करावी. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस पाय, पाठ, छाती, पोट अशा मोठ्या स्नायूंना ताकदीचं काम द्यावं. आधीच्या, २०१० च्या सूचनांमध्ये हालचाल सलग किमान १० मिनिटं असावी अशी अट होती. २०२० मध्ये ती काढून टाकली. विद्यार्थ्यांसाठी हा बदल फार मोलाचा आहे, कारण दोन लेक्चरच्या मधली सात मिनिटंही आता हिशेबात धरता येतात.

"मध्यम" म्हणजे किती, हे ओळखायला घड्याळ लागत नाही. चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम वेग. चार-पाच शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागलं, तर तो जोराचा.

पहिलं काम: जाण्यायेण्यातली मिनिटं मोजा

खोलीपासून कॉलेज दीड किलोमीटरवर असेल, तर ताशी ५ किलोमीटरच्या चालीने एका वेळेला १८ मिनिटं लागतात. जाऊन-येऊन ३६, आणि पाच दिवसांची १८०. आठवड्याचा किमान आकडा इथेच पूर्ण होतो, वेगळा वेळ न काढता. अंतर जास्त असेल तर बस किंवा रिक्षातून दोन स्टॉप आधी उतरा. मुंबईत लोकलने येणाऱ्यांनी स्टेशनवरून शेअर रिक्षाऐवजी पायी निघावं आणि पुलावर जिनाच धरावा.

दोन गोष्टी इथे बिघडतात. पहिली, चाल रेंगाळते. फोन हातात असला की हमखास. तो खिशात ठेवा. दुसरी, पाठीवरची बॅग. लॅपटॉप, चार्जर, दोन जाड पुस्तकं आणि लिटरभर पाणी मिळून वजन सहज ५-६ किलोंवर जातं, आणि बॅग एका खांद्यावर लटकवली की मान-खांदा दुखायला लागतो. दोन्ही पट्टे खांद्यांवर घ्या, ते इतके आवळा की बॅगचा तळ कमरेच्या खाली लोंबणार नाही, आणि लॅपटॉप पाठीला लागून ठेवा.

पायात काय आहे तेही पाहा. रोज तीन किलोमीटर चपलेवर चाललं की काहींच्या टाचा दुखू लागतात. साधे कॅनव्हासचे बूट चालतील, फक्त पुढे अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी आणि तळ एका बाजूने झिजलेला नको.

दुसरं काम: जिमखान्यात एकदा जाऊन या

फीच्या पावतीवर जिमखाना शुल्क असतं. ते भरलेलं असतं, तरी कित्येक जण तीन वर्षांत जिमखान्याचं दार उघडत नाहीत. सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात शारीरिक शिक्षण संचालकांना भेटा आणि चार गोष्टी विचारा: मैदान कोणत्या वेळी मोकळं असतं, व्यायामशाळा किती ते किती उघडी असते, ओळखपत्रावर बॅट, रॅकेट, बॉल मिळतो का, आणि आंतरमहाविद्यालयीन संघांची निवड कधी आहे. निवडीची चौकशी संघात नाव लागेलच म्हणून नव्हे, तर सरावाला येणाऱ्यांची गरज असते म्हणून करा. कबड्डी किंवा खो-खोला सरावापुरते गडी कमी पडतात आणि नवख्यालाही उभं केलं जातं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात लागू झालेल्या पदवीच्या आराखड्यात सहअभ्यासक्रम म्हणून योग, क्रीडा आणि तंदुरुस्ती, एनएसएस, एनसीसी यांना श्रेयांक आहेत. तुमच्या कॉलेजात यातलं काय उपलब्ध आहे ते विचारून शक्य असेल तर अंग हलवणारा पर्याय घ्या. व्यायामाचा तास वेळापत्रकात छापून येतो, मग तो टिकवायला मनाची वेगळी तयारी लागत नाही.

तिसरं काम: खोलीतला २५ मिनिटांचा ताकदीचा व्यायाम

हा आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून. कॉट बेसिसवर तिघांच्या खोलीत राहणाऱ्यालाही सहा फूट बाय तीन फूट जागा मिळते. साधन एकच: पाण्याची बादली.

सुरुवात सहा सूर्यनमस्कारांनी, सावकाश. हे अंग गरम करण्यासाठी आहेत, मोजणी वाढवण्यासाठी नाहीत. घाईत घातले की भुजंगासनात कंबर दाबली जाते. तिथे बेंबीपर्यंतचा भाग जमिनीजवळ राहू द्या आणि कोपर थोडे वाकलेले ठेवा.

मग बैठका, १२ च्या तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती. तालमीतली बैठक चवड्यांवर असते. नवशिक्याने टाचा टेकवूनच सुरुवात करावी. मागे खुर्ची आहे असं समजून आधी कंबर मागे न्या, मग गुडघे वाकवा. खाली जाताना गुडघे आत वळत असतील तर पाय थोडे फाकवा. गुडघ्याच्या वाटीपुढे दुखत असेल तर खुर्चीच्या उंचीपर्यंतच जा.

जोर थेट जमिनीवर घालायचा हट्ट नको. ज्याला एकही नीट येत नाही त्याने भिंतीला हात टेकवून सुरुवात करावी, मग कॉटच्या कडेवर, मग जमिनीवर. कॉट भिंतीला टेकलेली असली पाहिजे, नाहीतर ती फरशीवर सरकते आणि तोंडावर पडायची वेळ येते. हात खांद्यांपेक्षा किंचित रुंद, कोपर बाहेर फाकलेले नकोत, शरीराशी साधारण ४५ अंशांत. पोट खाली लोंबलं की ताण कमरेवर जातो. नितंब आवळून धरले की पाठ आपोआप सरळ राहते. आठ-आठच्या तीन फेऱ्या. तिन्ही फेऱ्यांत १५ सहज जमू लागले की खालच्या उंचीवर जा. अंग पुढून-मागून वळवत घालायचे तालमीतले जोर त्याच्याही नंतर.

पाठीचं काम बहुतेक जण टाळतात, कारण खोलीत लोंबकळायला काही नसतं. पण दिवसभर पुस्तकावर वाकून बसणाऱ्याला त्याचीच सर्वांत जास्त गरज असते. इथे बादली कामाला येते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन हवं तसं ठरवता येतं. पाच लिटर पाणी भरा, डावा हात टेबलावर टेकवून पुढे वाका, पाठ सपाट ठेवा आणि उजव्या हाताने बादली बरगडीपर्यंत ओढा. कोपर शरीरालगत वर जायला हवं. प्रत्येक हाताने १० वेळा, दोन फेऱ्या. दर आठवड्याला अर्धा लिटर वाढवा. कडी जिथे प्लॅस्टिकमध्ये अडकते तिथे चीर गेली आहे का, ते आधी बघून घ्या. भरलेली बादली तिथूनच तुटते. पाणी दोन तृतीयांशाच्या वर भरू नका आणि फरशी ओली झाली तर पुसूनच पुढे जा. ओढताना पाणी हिंदकळत असेल तर तुम्ही झटका देत आहात असं समजा.

शेवटी कोपर आणि चवडे टेकवून अंग सरळ धरून ठेवा, २० सेकंद, तीनदा. खालच्या मजल्यावर कुणी झोपलेलं असेल तर या सगळ्यात उड्या नाहीत, त्यामुळे तक्रार यायचं कारण नाही.

पहिल्या वेळेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या आखडतात, जिना उतरणं जड जातं. हे स्नायूंना नव्या कामाची सवय नसल्याने होतं आणि चालत राहिल्याने बरं वाटतं. सांध्यात टोचल्यासारखं दुखणं किंवा सूज ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

धावायचं असेल तर

एक मिनिट हलकं धावा, दोन मिनिटं चाला, असं आठ वेळा. आठवड्यातून तीन दिवस. दोन आठवड्यांनी धावणं दोन मिनिटं करा. नवशिक्यांच्या नडगीत दुखू लागतं ते एकदम अंतर वाढवल्याने आणि डांबर-सिमेंटवर धावल्याने. कॉलेजच्या मैदानाची माती त्याहून बरी. पुण्यात हनुमान टेकडी किंवा वेताळ टेकडी जवळ असेल तर चढावर धावू नका, झपाझप चाला. तेवढ्यानेही चांगला दम लागतो. पावसाळ्यात टेकडीची उतरण निसरडी होते, आणि अंधारात निर्जन वाटांवर एकट्याने जाऊ नये. मुलींनी आणि मुलांनीही दोघं-तिघं मिळून जावं. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातच्या आत आटोपा किंवा जिन्यावर व्यायाम करा.

मेसच्या ताटाची बाजू

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलो वजनाला साधारण ५० ग्रॅम. मेसचं पातळ वरण, रस्सा, पोळी-भात यांत ती कमी पडतात. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ७ ग्रॅम, एका उकडलेल्या अंड्यात ६, पाव लिटर दुधात ८. फुटाण्यांचा डबा खोलीत असला की वडापावची फेरी कमी होते.

चढ चढताना बरोबरच्यांपेक्षा खूप आधी धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हॉस्टेलवरच्या मुलींनी हे मनावर घ्यावंच. "माझा स्टॅमिनाच नाही" असं म्हणून त्या सोडून देतात आणि मूळ कारण रक्तात असतं. जेवणाबरोबर चहा टाळा, तासाभराचं अंतर ठेवा, कारण चहामुळे लोह कमी शोषलं जातं. पाळीत व्यायाम बंद करायची गरज नाही. दुखत असेल तर त्या दिवशी फक्त चाला.

सबमिशनचा आणि परीक्षेचा आठवडा

सबमिशनच्या आठवड्यात ताकदीचा व्यायाम एकदाच, तोही फेऱ्या तीनऐवजी एक. दहा मिनिटांत होतो. चालणं मात्र तसंच ठेवा.

परीक्षेत कॉलेजला जाणं थांबतं आणि चालणंही जातं, हे लक्षात येत नाही. पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, मुलं दिवसाचे दहा-बारा तास बसून असतात. ४५ ते ५० मिनिटांनी गजर लावा, उठा, एक मजला उतरून चढा, पाण्याची बाटली भरून या. दुपारच्या जेवणानंतर १० आणि रात्रीच्या जेवणानंतर १० मिनिटं चाला. जेवणानंतरची सुस्तीही यानेच उतरते. घाम काढणारा व्यायाम पोटभर जेवल्यावर दोन तास नको आणि झोपायच्या आधीच्या तासातही नको. रात्री झोप तीन-चार तासच झाली असेल तर सकाळी व्यायामापेक्षा झोप घ्या. ताप असेल तर पूर्ण विश्रांती.

परीक्षेनंतर सुट्टीत घरी जाऊन दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला, तर परत आल्यावर सोडलं तिथूनच सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात निम्म्या फेऱ्या, बादलीत दोन लिटर पाणी कमी. दुसऱ्या आठवड्यात पूर्ण फेऱ्या, आणि पाणी तिसऱ्या आठवड्यापासून वाढवा.