पिकअप उंच करायची आहे? आधी टायर ठरवा, लिफ्ट किट नंतर

आमच्या शेताकडे जाणाऱ्या वाटेवर ओढा ओलांडला की चाकोरीच्या मधोमध एक दगड वर आलेला आहे. माझ्या इसुझू व्ही-क्रॉस पिकअपच्या मागच्या एक्सलचा गोळा त्याला दर खेपेला घासायचा. म्हणून दोन इंचांचं लिफ्ट किट बसवलं, मोठ्या ऐटीत वाटेला लागलो, आणि त्याच दगडावर पुन्हा तोच खर्रकन आवाज. गाडी दोन इंच वर गेली होती. गोळा होता तिथंच होता.

गंमत अशी की पिकअपचा मागचा एक्सल म्हणजे या चाकापासून त्या चाकापर्यंत गेलेला एकच अखंड दांडा. लिफ्ट किट वाढवतं ते एक्सल आणि चासी (गाडीचा खालचा सांगाडा) यांच्यामधलं अंतर. त्यामुळे चासी, बंपर, फूटस्टेप, डिझेलची टाकी हे सगळं वर जातं. एक्सलच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा गोळा मात्र एक मिलिमीटरही हलत नाही. त्याला उचलतो तो फक्त मोठा टायर, आणि तोही व्यास जितका वाढेल त्याच्या निम्म्यानं. हे आधी कळलं असतं तर मी खरेदी उलट्या क्रमानं केली असती.

आधी कायद्याचं बोलू

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कंपनीनं ठरवलेली मूळ रचना यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. 'सगळेच बसवतात' हे उत्तर नाक्यावर चालून जाईलही, पण अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरपुढं चालेलच असं नाही. म्हणून आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा, आणि उत्तरही लेखीच घ्या. वॉरंटी चालू असेल तर शोरूमलाही विचारून ठेवा. नकार आला, तर कंपनीच्याच मापात चांगला ऑल-टेरेन (डांबर आणि कच्ची वाट दोन्हीवर चालणारा) टायर घ्या. माझ्या मते दहातल्या सात जणांचं काम तेवढ्यावर भागतं.

टायरचं गणित

कॅल्क्युलेटर घ्या. माझ्या गाडीचा मूळ टायर २५५/६० आर१८. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा सांगतो की टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे. तिसरा रिमचा व्यास, इंचात. २५५ चे ६० टक्के १५३, वर-खाली दोन भिंती म्हणून ३०६, त्यात रिमचे १८ इंच म्हणजे ४५७ मिळवले की ७६३ मिलिमीटर व्यास.

आता दुकानदार म्हणतो, "२६५/६० टाका, मोठा दिसतो." त्याचा व्यास ७७५. म्हणजे १२ मिलिमीटरचा फरक, आणि गोळा उचलला जाणार फक्त सहा. दिसायला रुबाबदार, दगडाला काही फरक नाही. २६५/६५ आर१८ घेतला तर व्यास ८०२, गोळा साधारण १९ मिलिमीटर वर. इथं कुठं दगडाला दया येते.

पण ८०२ फुकट मिळत नाही. मूळ मापापेक्षा हा टायर पाच टक्क्यांनी मोठा, म्हणजे मीटर आधी बरोबर दाखवत असेल, तर काटा १०० वर असताना गाडी १०५ नं धावणार. गिअरही तेवढेच 'लांब' होतात. घाटात जिथं तिसऱ्यावर चढायची तिथं दुसरा टाकावा लागतो, आणि टायर वजनदार असेल तर डिझेल वाढतं, ब्रेकही जरा उशिरा लागल्यासारखे वाटतात. पाच टक्क्यांच्या पुढं मी स्वतः जाणार नाही.

माप ठरलं की टायरच्या भिंतीवरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, वाचा. १०९ म्हणजे एका टायरवर १,०३० किलो, ११२ म्हणजे १,१२०, ११६ म्हणजे १,२५०. कंपनीच्या टायरवर जो आकडा आहे त्याच्या खाली उतरू नका, दुकानदार कितीही स्वस्तात देवो. वेगाचं अक्षरही बघा: क्यू म्हणजे ताशी जास्तीत जास्त १६०, आर १७०, एस १८० किलोमीटर. आणि बनावटीची तारीख: चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दोन-तीन वर्षं गोदामात पडून असलेला टायर 'नवा' म्हणून गळ्यात मारला जातो. तो परत करा.

नक्षी मातीवर ठरते. मराठवाड्या-विदर्भातली काळी माती पावसात चिकटली की ऑल-टेरेनच्या खाचा भरून टायर गुळगुळीत होतो, चाक जागीच फिरत राहतं. तिथं मोठ्या खाचांचा मड-टेरेन चिखल फेकून देतो. पण तोच मड-टेरेन ओल्या डांबरावर पकडीत कमी पडतो आणि पुणे ते सोलापूर कानाशी भुंगा घेऊन बसल्यासारखं वाटतं. कोकणात जांभ्याच्या कडा टायरच्या भिंती कापतात, तिथं नक्षीपेक्षा भिंत किती जाड हे आधी बघा. वर्षातले तीनशे दिवस डांबरावर जात असतील तर ऑल-टेरेनच घ्या, आणि पावसाळ्यात काळ्या रानात गाडी घालूच नका. तिथं ट्रॅक्टरही फसतात.

स्टेपनी विसरू नका. पाचवा टायर त्याच मापाचा हवा, आणि तो हौद्याखालच्या जागेत मावतो का ते पैसे देण्याआधी प्रत्यक्ष लटकवून बघा.

लिफ्ट किती? मावेल तेवढीच

टायर ठरला की लिफ्टचा प्रश्न सोपा होतो: हा टायर कुठंही न घासता मावायला किती उंची लागेल? शक्य असेल तर टायरवाल्याकडून एकच चाक पुढं चढवून घ्या. स्टेअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे. मग तेच चाक एखाद्या चढावर किंवा फळीवर चढवून परत तेच. रिव्हर्समध्येही बघा, कारण तेव्हाच टायर मागच्या बाजूला मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला हमखास चाटतो. प्लास्टिकच घासत असेल तर ते तापवून मागं दाबता येतं. पत्रा घासत असेल तर टायर मोठा झाला.

या वर्गातल्या पिकअपला, म्हणजे व्ही-क्रॉस किंवा हायलक्सला, ४० ते ५० मिलिमीटर पुरे. त्यापुढं गेलात की पुढच्या एक्सल शाफ्टचा कोन तिरका होतो, रबरी बूट फाटतात, आणि चाकाला चासीशी जोडणारे वरचे आर्म नवे घ्यावे लागतात. घरात गुडघे दुखणारं कुणी असेल तर तेही या हिशेबात धरा. माझी आई हल्ली प्लास्टिकचं स्टूल घेऊन गाडीत बसते आणि वाटेल त्याला ते स्टूल दाखवते.

वजनकाट्यावर जा

किट विकत घेण्याआधीचं सगळ्यात उपयोगी काम पन्नास-शंभर रुपयांत होतं, आणि ते कुणी करत नाही. रोज असतं तेवढं सामान गाडीत ठेवा, टाकी भरा आणि जवळच्या वजनकाट्यावर जा. मी साखर कारखान्याच्या बाहेरच्या काट्यावर गेलो. काटेवाल्यानं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "माल कुठाय?" म्हटलं, गाडीच माल. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. पुढं १,१८०, एकूण २,३१०, म्हणजे मागं १,१३० किलो.

चांगल्या किटमध्ये पुढच्या स्प्रिंगा आणि मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) वजनाप्रमाणे वेगवेगळे मिळतात: रिकाम्या गाडीसाठी, कायमच्या शंभर-दोनशे किलोंसाठी, कायमच्या तीनशेच्या पुढच्यासाठी. इथं 'कायमच्या' हा शब्द महत्त्वाचा. महिन्यातून एकदा कांद्याच्या गोण्या नेता म्हणून जड पाटे घेतलेत, तर उरलेले एकोणतीस दिवस गाडी रिकाम्या टेम्पोसारखी खड्ड्याखड्ड्यावर उडेल. काट्याची पावती किट विकणाऱ्यापुढं ठेवा. ती न बघताच जो 'हेवी ड्यूटी घ्या' म्हणेल, त्याच्याकडून घेऊ नका.

स्वस्तातला मार्ग म्हणजे स्पेसर: पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर धातूची चकती, मागं पाट्यांखाली ठोकळा. चकती २५ मिलिमीटरची असली तरी चाकापाशी जवळपास दुप्पट उंची मिळते, कारण शॉकअप आर्मवर आतल्या बाजूला बसतो. उंची मिळते, पण स्प्रिंग आणि शॉकअप जुनेच राहतात आणि चाक खाली लोंबण्याची जागा खाऊन टाकली जाते. मी घेणार नाही. ठोकळ्यावर ठोकळा चढवलेला तर कुणीच घेऊ नये. केबिन आणि चासीच्या मध्ये ठोकळे घालणारी बॉडी लिफ्ट हा पिकअपच्या चेष्टेचा प्रकार आहे, पुढं जाऊ.

बसवण्याच्या दिवशी

गॅरेजमध्ये थांबा. गाडी वर टांगलेली असताना चाकं पूर्ण खाली लोंबू द्या आणि ब्रेकच्या नळ्या व एबीएसच्या वायरी ताणल्या जात नाहीत ना ते हातानं ओढून बघा. काही पिकअपमध्ये मागच्या एक्सलला जोडलेली एक काडी असते, ती मागच्या ब्रेकचा जोर वजनाप्रमाणे कमी-जास्त करते. मागची बाजू उचलली की तिला वाटतं गाडी कायम रिकामीच आहे, आणि मागचे ब्रेक कमी लागतात. तिचा ब्रॅकेट उंचीप्रमाणे बदलून घ्या. आर्मच्या बुशांचे (सांध्यातल्या रबरांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळायचे. टांगलेल्या स्थितीत आवळले की रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.

मग अलाइनमेंट, त्याच दिवशी. उंची वाढली की कॅस्टर, म्हणजे स्टेअरिंग सरळ धरून ठेवणारा पुढच्या चाकांचा मागे झुकलेला कोन, कमी होतो आणि महामार्गावर स्टेअरिंग सैल, तरंगल्यासारखं वाटू लागतं. फक्त 'टो' (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळली आहेत ते) नीट करून पैसे घेणारे बरेच आहेत. छापील कागद मागा, त्यात कॅस्टरचे आकडे बसवण्याआधीचे आणि नंतरचे दोन्ही हवेत. पहिला-दुसरा टाकून निघताना खालून थरथर येत असेल तर मागच्या एक्सलला ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचं मधलं बेअरिंग थोडं खाली घ्यावं लागेल, ते तिथंच सांगा.

निघण्यापूर्वी टेपनं चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजा आणि आरसीच्या पाकिटात कागदावर लिहून ठेवा. पाचशे किलोमीटरनंतर पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या, हजारानंतर अलाइनमेंट पुन्हा तपासा. स्प्रिंगा काही मिलिमीटर बसतात, ते ठीक. एकच बाजू बसली असेल तर तो कागद घेऊन गॅरेजला परत जा.