मासेमारीचं महागडं बेटकास्टिंग रीळ? आधी दुकानात टिचकी मारून बघा

गळाची दोरी गुंडाळणाऱ्या या रीळच्या खोक्यावर '10 बेअरिंग' छापलंय म्हणून दुप्पट पैसे मोजू नका. खिशात दहा हात दोरी घेऊन जा.

1. ब्रेक शून्यावर आणा, स्पूलचा (दोरीच्या चकरीचा) टेन्शन नॉब, म्हणजे चकरी घट्ट-सैल करणारी खुंटी, सैल करा. अंगठ्याची कळ दाबून स्पूलला टिचकी मारा. खरखर न करता तो बराच वेळ फिरायला हवा. मग मधल्या किमतीच्या रीळवर तेच करा. फरक जाणवला नाही, तर जादा पैसे कशाचे?

2. हँडल उलट फिरवा. मागे सरकलं, की ते रीळ परत ठेवा, घेऊ नका.

3. दोरी बांधून ओढा. ड्रॅगने (मासा ओढू लागला की दोरी सोडणाऱ्या यंत्रणेने) ती झटके न देता सोडली पाहिजे, नाहीतर जिताडा मासा पहिल्याच धावेत दोरी तोडून जाईल.

खाडीत वापरणार असाल तर मॅग्नेशियमची बॉडी टाळा. खारं पाणी ती खातं.