शेतातल्या ओढ्यावर मोरी बांधण्याआधीची कागदपत्रे

पुणे जिल्ह्यातल्या मुळशी, मावळ किंवा हवेलीत शेतजमीन घेणाऱ्या अनेकांना पहिल्याच पावसाळ्यात कळते की रस्ता आणि आपले वावर यांच्यामध्ये ओढा आहे. मग जेसीबीवाला सुचवतो की दोन ह्यूम पाइप (काँक्रीटचे मोठे नळ) टाकू, वर मुरूम लोटू, मोरी म्हणजे एका दिवसाचे काम आहे. काम खरोखरच एका दिवसाचे असते. परंतु महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार जी नदी-नाल्यांची पात्रे कोणा व्यक्तीच्या मालकीची नाहीत ती राज्य शासनाची असतात, त्यामुळे दोन्ही काठ आपले असले तरी पात्र आपले असेलच असे नाही.

म्हणून सुरुवात गाव नकाशापासून करावी. ओढा गटांच्या बाहेर स्वतंत्र दाखवलेला असेल तर प्रश्नच मिटला, पात्र आपले नाही. तो गटाच्या आत असेल तर सातबाऱ्यावरील पोटखराबाचा (लागवडीस अयोग्य क्षेत्राचा) वर्ग पाहावा, कारण ज्या ओढ्याचे पाणी इतर लोक सिंचनासाठी, पिण्यासाठी किंवा घरकामासाठी वापरतात त्याखालील क्षेत्र वर्ग ‘ब’ मध्ये, म्हणजे सार्वजनिक वापराच्या क्षेत्रात, मोडते. शंका असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्यावी. तिचा खर्च पुढच्या भांडणाच्या खर्चापेक्षा कमीच असतो.

मोरीच्या परवानगीचा अर्ज कोठे करायचा हे हद्दीवर ठरते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आल्यामुळे, ग्रामपंचायतीचा जुना ना हरकत दाखला दाखवून काम सुरू करणारे तेथे हमखास अडकतात. महापालिकेबाहेर तहसीलदारांकडे अर्ज करून त्याची प्रत जलसंपदा विभागाला आणि, गाव पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) क्षेत्रात येत असल्यास, त्या प्राधिकरणाला द्यावी. सक्षम प्राधिकारी कोण, हे लेखी कळवावे अशी विनंती अर्जातच करावी आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. काठ वनजमिनीला लागून असेल तर वन विभागाकडे आधी जावे.

अर्जाचे खरे बळ नकाशात असते. मोरीतून पाणी जाण्याचा मार्ग किती रुंद व किती उंच, हे वरच्या पाणलोटाच्या क्षेत्रावरून स्थापत्य अभियंत्याकडून काढून घ्यावे आणि त्याच ओढ्यावरील जवळच्या सरकारी मोरीशी ताडून पाहावे. आपला मार्ग तिच्यापेक्षा अरुंद निघाला तर हिशेब पुन्हा तपासावा. मोठ्या प्रवाहांसाठी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखलेली असते, पण शेतातल्या ओढ्याला बहुधा तशी रेषा नसते. पूर आल्यावर शहरातला आंबिल ओढा काय करू शकतो हे पुण्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाहिले आहे. माझे मत विचाराल तर, रहदारी कमी असल्यास पाइप मोरीऐवजी फरशी पूल, म्हणजे पुराचे पाणी वरून वाहू देणारा ठेंगणा पूल, मागावा, कारण पाइपच्या तोंडाशी फांद्या अडकून पाणी शेजाऱ्याच्या शेतात शिरते, तर फरशीवरून ते निघून जाते.

शेजाऱ्याचा विचार केवळ सौजन्यापोटी करायचा नाही. मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार, कायदेशीर अधिकाराशिवाय उभारलेल्या अडथळ्याने पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडून शेतीचे नुकसान होत असेल, किंवा होण्याचा संभव असेल, तर बाधित व्यक्ती सहा महिन्यांच्या आत दावा लावू शकते, आणि अशा दाव्यात हातातली लेखी परवानगी हाच आपला मुख्य आधार ठरतो. वरच्या व खालच्या खातेदारांची संमतिपत्रे म्हणूनच अर्जाला जोडावीत.

भरावाचा मुरूम हा वेगळा विषय आहे. तो गौण खनिज असल्याने उत्खननाची परवानगी व स्वामित्वधन (रॉयल्टी) यांची चौकशी तहसील कार्यालयात आधीच करावी. विनापरवाना उत्खननाला जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड होऊ शकतो.

काम उन्हाळ्यात करायचे असल्यास अर्ज दिवाळीच्या सुमारास गेलेला बरा. स्थळपाहणीला मंडळ अधिकारी येतील तेव्हा पात्र कोरडे असेल, म्हणून जुलै-ऑगस्टमध्येच काठावरच्या झाडाच्या बुंध्यावर पाण्याच्या पातळीची रंगाने खूण करून तिचे तारखेसह फोटो काढून ठेवावेत.