कामावर अपघात झाला? मालकांनो, निदान या चुका तरी टाळा

मालक लोकांचा फोन अपघात झाला की येत नाही, नोटीस आली की येतो. तोपर्यंत जो घोळ घालायचा तो घालून झालेला असतो आणि वर "साहेब, आपण तर पैसे देऊन मोकळे झालो होतो" हे ठरलेलं वाक्य.

तर सगळ्यात मोठी चूक हीच, पैसे परस्पर देऊन मोकळं होणं. एका बिल्डरच्या साईटवर तिशीचा लेबर स्लॅबवरून पडून वारला. मालक माणूस वाईट नव्हता, चौथ्या दिवशी मयताच्या मेव्हण्याच्या हातात 3 लाख रोख दिले, स्टँप पेपरवर "आता काही तक्रार नाही" लिहून घेतलं, नोटरी, अंगठा, फोटो सगळं झालं. पुढे बायकोने दावा लावला. तो कागद कोर्टाने बाजूला ठेवला, कारण मृत्यूची भरपाई कमिशनरकडेच (भरपाई ठरवणारा सरकारी अधिकारी, नव्या संहितेत 'सक्षम प्राधिकारी') जमा करायची असते, थेट वारसांना दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरतच नाहीत. फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतका ॲडव्हान्स अवलंबितांना देता येतो, आणि मेव्हणा अवलंबित नव्हता. हक्क सोडल्याचा करारही कायद्याने रद्दच. मग हिशोब लागला, भरपाईसाठी धरायच्या तेव्हाच्या 15,000 मासिक पगारमर्यादेचे निम्मे 7,500 गुणिले 30 वयासाठी कायद्यात ठरलेला फॅक्टर 207.98, म्हणजे 15,59,850. एक महिन्यात जमा केले नाहीत म्हणून वर 12 टक्के व्याज, आणि दंड 50 टक्क्यांपर्यंत लागू शकतो तो वेगळाच. 3 लाख गेले ते गेलेच.

मी काय करायला लावतो? आकड्यावर वाद असला तरी आपल्याला जेवढा मान्य आहे तेवढा महिन्याच्या आत भरून टाका, पावती फाईलला लावा, भांडायचं ते बाकीच्यावर भांडा. वकील म्हणतो थांबू, बघू. थांबायला त्याचं काय जातं, व्याज तुमचं चढतं.

"माझा लेबर नाही, ठेकेदाराचा आहे." चालत नाही. काम तुमच्या धंद्याचं असेल तर आधी तुम्ही भरा, मग ठेकेदाराकडून वसूल करा.

मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचा रिपोर्ट 7 दिवसांत द्यायचा असतो, दशक्रिया झाल्यावर बघू म्हणू नका.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे टक्केवारी. डॉक्टरने अपंगत्व 40 टक्के लिहिलं की अकाउंटंट लगेच 40 टक्क्याने गुणून मोकळा. अरे बाबा, भरपाई कमाईची ताकद किती गेली त्यावर ठरते. कायद्याच्या परिशिष्टातल्या दुखापतीला आकडे ठरलेत, अंगठा 30, चार बोटं 50, पण माणूस काय काम करायचा तेही बघतात. 1976 साली सुप्रीम कोर्टाने एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापला गेला तेव्हा कमाई 100 टक्के गेली असंच धरलं, कारण एका हाताने सुतारकाम कसं करणार? म्हणून डॉक्टरकडे पाठवताना मी कामाचं वर्णन लिहून देतो, "हेल्पर" एवढंच नाही, काय उचलतो, कोणतं मशीन चालवतो, सगळं.

"दारू प्यायला होता" हा बचाव मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वात चालत नाही, उगाच साक्षीदार शोधत फिरू नका. आणि माणूस ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजना) असेल तर भरपाई तिकडून मिळते, पण नोंदणी आधीच करून ठेवा, अपघातानंतर धावपळ करून नाव घुसवणारे महाभाग मी पाहिलेत.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली म्हणून काही जण "जुनं सगळं गेलं" असं सांगत फिरतायत. काही गेलेलं नाही, सांगाडा तोच आहे, उलट कामावर येता-जाता झालेला अपघातही आता कामाशी संबंध दिसला तर त्यात बसतो.

आणि विमा. साईटवर वीस माणसं आणि पॉलिसी पाच जणांची, का तर प्रीमियम वाचतो. दर महिन्याला हजेरीपत्रक आणि पॉलिसी शेजारी शेजारी ठेवून माणसं मोजा, आणि दंडाची रक्कम विमा कंपनी भरेल अशा आशेवर तर अजिबात बसू नका, ती मालकाच्याच खिशातून जाते.