लिनक्स टाकताना बार मधेच अडकला? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि आपल्याकडच्या ई-सेवा केंद्रांत, क्लासमध्ये, शाळांच्या संगणक खोलीत जे डेस्कटॉप अजून चालू आहेत त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये ते नाही. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टिम टाकतात, कुणी तिचा मिंट हा प्रकार, कुणी उबुंटू. अडलं की फोन येतो, मग तो शहाद्याहून असो की रावेरहून, वाक्य एकच: “भाऊ, फाइली कॉपी व्हायला लागल्या आणि मधेच अडकलं. बंद करून परत चालू करू का?”

नका करू. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

या टप्प्यावर आत काय चालतं ते आधी समजून घ्या. पेनड्राइव्हमध्ये अख्खी सिस्टिम स्क्वॉशएफएस नावाच्या एकाच दाबून भरलेल्या फाइलीत असते. इन्स्टॉलर ती उलगडतो आणि लाखो बारीक फाइली हार्ड डिस्कवर लिहितो. काम किती झालं ते दाखवणाऱ्या बारचा वेळेशी काही संबंध नसतो. जुन्या फिरत्या डिस्कला बारीक फाइली लिहायला फार वेळ लागतो, त्यामुळे बार एकाच जागी बराच वेळ उभा दिसला तरी काम चालू असू शकतं. डिस्कचा दिवा लुकलुकतोय का ते बघा. कॅप्स लॉक दाबा. दर वेळी दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत असेल तर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जिवंत आहे. कॅप्स लॉक चालतोय पण चित्र आणि माउस थिजलाय, तर दोष बहुधा ग्राफिक्सचा. मिंटच्या सुरुवातीच्या मेनूतला कम्पॅटिबिलिटी मोड, उबुंटूत सेफ ग्राफिक्स, निवडून पुन्हा सुरू करा. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये बारजवळ एक छोटा बाण असतो, तो दाबला की आतली नोंद सरकताना दिसते. तिथे नेटवरून भाषेच्या फाइली उतरवणं चालू असेल तर ‘स्किप’ दाबून मोकळे व्हा. त्यापेक्षा सोपं म्हणजे इन्स्टॉल करताना नेट जोडूच नका. हॉटस्पॉटची रेंज गेली की लोकांना वाटतं डिस्क गेली.

नोंदही थांबली असेल तर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून ‘सुडो डीमेसेज’ (sudo dmesg) चालवा आणि शेवटच्या ओळी वाचा. स्क्वॉशएफएसची एरर किंवा पेनड्राइव्हच्या नावापुढे आय-ओ एरर (I/O error) असेल तर वाचण्यात गडबड आहे. तीच एरर हार्ड डिस्कच्या नावापुढे असेल तर लिहिण्यात. हार्ड डिस्क आणि पेनड्राइव्ह यांत कोण एसडीए (sda) आणि कोण एसडीबी (sdb) हे आधी ‘एलएसबीएलके’ने (lsblk) बघून घ्या, कारण नावं दर वेळी तीच राहतील याची खात्री नाही. एखादं काम १२० सेकंदांहून जास्त वेळ अडकल्याची ओळ दिसली तर घाबरू नका, त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की कर्नल डिस्कच्या उत्तराची वाट बघतोय.

दोनदा प्रयत्न करून दोन्ही वेळा कुठे अडकलं ते लिहून ठेवा. ही सवय फार कमी लोकांना असते, आणि अर्धं निदान त्यातच होतं. दर वेळी त्याच जागी अडकत असेल तर आयएसओ (नेटवरून उतरवलेली सिस्टिमची फाइल), पेनड्राइव्ह किंवा डिस्कवरची एखादी जागा खराब आहे. दर वेळी वेगळ्या जागी अडकत असेल तर रॅम, तापमान, वीज किंवा सैल केबलकडे वळा. रॅमसाठी मेमटेस्ट हा तपासणीचा प्रोग्रॅम रात्रभर लावून ठेवा. दोन पट्ट्या असतील तर एक काढून बघणं त्याहून झटपट होतं.

पेनड्राइव्हच्या चुका सगळ्यात जास्त. तुटक नेटवर उतरवलेली आयएसओ तपासायचा कंटाळा करू नका. शा-२५६ (SHA-256) हा फाइलीवरून निघणारा ओळखीचा आकडा अधिकृत पानावरच्या आकड्याशी जुळवा, एक अक्षर वेगळं असलं तरी फाइल फेकून द्या. पण आयएसओ बरोबर आहे म्हणजे पेनड्राइव्हवर ती बरोबर उतरली असं नाही. डीडी (dd) या कमांडने लिहिताना काम संपल्यासारखं दिसतं, आणि डेटा अजून रॅममध्येच असतो. ‘सिंक’ (sync) चालवा, टर्मिनल पुढची कमांड घ्यायला तयार होईपर्यंत थांबा, मगच काढा. उबुंटू २०.०४ पासून चालू होतानाच फाइलींची तपासणी सुरू होते. ती घाईघाईने कंट्रोल-सी दाबून टाळणारे लोकच पुढे फोन करतात, हे मी गमतीने म्हणत नाही. आणि बाजारात स्वस्तात मिळणारा मोठ्या क्षमतेचा पेनड्राइव्ह खरा आहे का, हे एफ३ नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने तपासता येतं. खोटा असेल तर ठरावीक हद्दीपुढचा डेटा कुठेच गेलेला नसतो.

आता आपल्या खानदेशाचं. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये एरर क्रमांक ५ आला की जो संदेश दिसतो, त्यात डिस्क जुनी झाली का बघा असा सल्ला आहे आणि शेवटी संगणक थंड जागी हलवा असंही आहे. मे महिन्यात भुसावळात पारा ४५ च्या वर असताना हे वाचून हसूच येतं. पण सल्ला खरा आहे. फाइल उलगडताना प्रोसेसर सतत राबतो, आणि पंख्यात वर्षांची धूळ असेल तर तो गरम होऊन मंदावतो किंवा मशीन थेट बंद पडतं. धूळ साफ करा, कॅबिनेटची बाजू उघडी ठेवा, काम पहाटे करा. कूलरच्या तोंडासमोर मात्र ठेवू नका, ती हवा ओली असते. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर लोडशेडिंगची वेळ टाळून बसा. लाइट मधेच गेली तर अर्धवट इन्स्टॉल पुढे चालू होत नाही, विभाजन (डिस्कचं पार्टिशन) पुन्हा फॉरमॅट करून पहिल्यापासून करावं लागतं.

मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असलेली बरी. पेनड्राइव्हवरून चालणारी लाइव्ह सिस्टिम स्वतःच रॅममध्ये राहते, हे लोक विसरतात आणि इन्स्टॉल चालू असताना फायरफॉक्समध्ये व्हिडिओ लावतात. २ जीबीच्या मशीनवर तेवढ्यानेही सगळं गोठतं.

इन्स्टॉलर न वापरता, हाताने टार (tar, एकत्र बांधलेली फाइल) उलगडून जेंटूसारखं लिनक्स टाकणाऱ्यांची चूक याच जातीची, पण जास्त फसवी. विभाजन माउंट करायचं, म्हणजे फोल्डरला जोडायचं, राहून जातं, फोल्डर तर असतंच, आणि सगळा पसारा डिस्कऐवजी रॅममध्ये उलगडत जातो. थोड्या वेळाने मशीन गप्प. म्हणून उलगडण्याआधी ‘डीएफ’ने (df) बघा, त्या फोल्डरपुढे तुमच्या डिस्कचं नाव दिसलंच पाहिजे. एक्सफॅट किंवा फॅट३२ फॉरमॅटच्या विभाजनावर सिस्टिम उलगडू नका, तिथे लिनक्सच्या परवानग्या आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) टिकत नाहीत. व्ही (v) हा पर्याय दिला नाही तर टार काहीच दाखवत नाही, शांतता म्हणजे अडकणं नव्हे. आणि व्ही दिला असेल, ओळी धावत होत्या आणि एकदम थांबल्या, तर चुकून कंट्रोल-एस दाबला गेला असेल. कंट्रोल-क्यू दाबा, ओळी पुन्हा धावू लागतील.

एवढं करूनही डिस्कच्याच एरर येत असतील तर ‘स्मार्टसीटीएल’चा (smartctl) डिस्कच्या तब्येतीचा अहवाल काढा. १९७ क्रमांकासमोर (डिस्कवरच्या संशयित जागा) कच्चा आकडा शून्य नसेल तर त्या डिस्कवर नवी सिस्टिम टाकायचा हट्ट सोडा, आधी जुना डेटा काढून घ्या आणि छोटी एसएसडी आणा. पण १९७ आणि ५ (बदललेल्या खराब जागा) दोन्ही शून्य आणि फक्त १९९ (डेटा नेताना झालेल्या चुका) वाढत असेल तर डिस्कला दोष देऊ नका. साटा केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवा, तरी आकडा वाढला तर केबलच बदला.