सिरॅमिक ब्रेसेस घेताय? मग हळदीचं आधी ऐका

मोठ्या वयातही ब्रेसेस लावता येतात, फक्त आधी हिरड्या तपासून क्लीनिंग करून घ्या. ऑफिसात दिसू नयेत म्हणून आपण दातांच्या रंगाच्या सिरॅमिकवाल्या घेतो, त्यातल्या ब्रॅकेटला, म्हणजे दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्याला, सहसा डाग पडत नाही पण तार धरून ठेवणारे ते पारदर्शक बारीक रबर असतात ना, ते एका आमटीत पिवळेधम्मक होतात. माझे तर लावून आले त्याच रात्री खिचडी खाल्ली आणि संपलं, कितीही घासा, जात नाही. रबर पुढच्या व्हिजिटलाच बदलतात, म्हणजे साधारण 4 ते 6 आठवडे तसंच हसायचं! त्यामुळे घरात लग्नबिग्न असेल तर अपॉइंटमेंट त्याच्या एक-दोन दिवस आधीची घ्या आणि तोवर दहीभात, इडली, उपमा असलं बिनहळदीचं खा, तसंही तार टाइट केल्यावर दोन-तीन दिवस पोळी चावत नाहीच. नाहीतर सरळ राखाडी रबर मागा, डाग कमी दिसतात. गाल सोलत असेल तर ब्रॅकेट टिशूने कोरडं करून मग ब्रेसेसचं मेण लावा, ओल्यावर चिकटत नाही. पोह्यातली कोथिंबीर मात्र इंटरडेंटल ब्रशशिवाय (दातांच्या फटीत जाणारा बारीक ब्रश) निघत नाही, तो पर्समध्येच ठेवा.